सायकलला खिडकी नसते

परवान्याच्या चाचणी फेरीत परीक्षकाच्या सायकलवर जिवंत कोंबडा असू नये, असं नियमावलीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. पोस्टमास्तर ओनेसिम काझीमीर यांनी नियमावली तीनदा वाचली होती, त्यातली शेवटची वेळ तर हातात पेन्सिल घेऊन. एकतीस वर्षं टेकडीवरच्या पोस्टात खिडकीमागे बसलेला माणूस नियम वाचतो म्हणजे वाचतोच. त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष किती आणि कोंबड्याचा किती, यावर सें गाब्रियेल गावात अजून मतभेद आहेत.

मुळात त्यांना नाद सायकलींचा नव्हता, खिडकीचा होता. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पूर्वी चर्चमधून बाहेर पडतानासुद्धा लोक अडवायचे, मॉरिशसहून माझ्या पोराचं पत्र आलं का म्हणून. आता तेच लोक लांबून हात वर करून निघून जायचे. निरोप समारंभात मिळालेला पितळी तराजू बाहेरच्या खोलीत फडताळावर चकचकत बसला होता आणि पोस्टमास्तर त्याच्यासमोर. शेवटी एकदा युजेनी घेवडा निवडत असताना त्यांनी तिला ठरलेल्या वेळेत काम उरकण्याबद्दल सूचना केली. तेव्हा बायकोने शांतपणे सांगून टाकलं, की या घराला खिडक्या चार आहेत आणि त्यातली एकही तुझी नाही, तू बाहेर काहीतरी बघ.

ते त्यांनी बघितलं. आमच्या रॉड्रिग्ज बेटावर आलेले पाहुणे पहिल्या दिवशी समुद्र बघतात, दुसऱ्या दिवशी आमचे चढ बघतात आणि तिसऱ्या दिवशी खोलीत झोपून राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. विजेवर चालणाऱ्या सायकली असल्या आणि पुढे एखादा जाणता माणूस असला तर पाहुणे आनंदाने हिंडतील. आता त्यांच्याइतका जाणता माणूस बेटावर दुसरा कोण? इथे घरांना नंबर नाहीत. पाकिटावर नाव आणि गाव एवढंच असतं, बाकीचं सगळं पोस्टमास्तरच्या डोक्यात. कुठल्या वळणावरच्या कुठल्या वाटेने खाली उतरलं की कोणाचं दार येतं, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. झालं, मॉरिशसच्या बोटीने चार सायकली येऊन अंगणात उभ्या राहिल्या.

त्या आल्या त्याच दिवशी शेजारचा फुलबेर कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसला. फुलबेरने बत्तीस वर्षं बस चालवली होती आणि पोस्टमास्तरांपेक्षा आपली नोकरी एका वर्षाने जास्त झाली, हे तो कोणत्याही विषयात आणू शकत असे. त्याने सायकलींभोवती एक फेरी मारली, एका टायरवर बोट दाबलं आणि मग सल्ला द्यायला सुरुवात केली. खाली किनाऱ्यावरच्या पोर सुदेस्तला जाणाऱ्या उतारावर ब्रेकवर विसंबू नये. चढताना वजन पाठीमागे ठेवू नये. हॉर्न मोठा घ्यावा, कारण शेळ्या घंटीला जुमानत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा उद्योगच करू नये. हे सगळं तो रोज सांगायचा, फक्त क्रम बदलून.

सरकारी बाजूची गंमत निराळीच होती. बंदरातल्या कचेरीने आजवर पाहुण्यांना फिरवण्याचे परवाने दिले होते ते फक्त होडीवाल्यांना. त्यामुळे अर्जाचा नमुना एकच होता आणि तो होडीचा होता. वल्ह्यांची संख्या, नांगराचं वजन, बुडणाऱ्यास वाचवण्याची व्यवस्था. दुसऱ्या कुणी तो अर्ज परत फेकला असता. पोस्टमास्तर कोरा रकाना बघूच शकत नसत. त्यांनी वल्ह्यांसमोर ‘शून्य’ लिहिलं, नांगरासमोर ‘स्टँड, बाजूचा’ लिहिलं आणि दर माणशी एक लाइफ जॅकेट या अटीसमोर बराच वेळ थांबून ‘आहे’ असं लिहिलं. मग आपण खोटं लिहिलं ही टोचणी सहन होईना म्हणून खाली समुद्रावर जाऊन एका कोळ्याकडून दोन नारिंगी जॅकेटं मागून आणली. फेरीला लागणारा वेळ या रकान्यात त्यांनी चार तास लिहिले. हा एकच आकडा त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिला होता आणि तोच नडला.

चाचणी गुरुवारी सकाळी आठला ठरली. सें गाब्रियेलहून निघून मों ल्युबेंमार्गे खाली पोर सुदेस्तला जायचं आणि बाराच्या आत परत यायचं. बरोबर कचेरीतल्या परीक्षक असणार होत्या, मादमझेल रावीना. वयाने तिशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला मोजक्या. फाइल छातीशी धरून आल्या आणि ती सोडायची नाही असं ठरवूनच सायकलवर बसल्या. वल्ही नाहीत याची त्यांनी नोंद केली. लाइफ जॅकेटं मात्र त्यांनी मोजली आणि दोन्ही बरोबर घ्यायला सांगितली, कारण अर्जात तसं होतं. पोस्टमास्तरांना त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

खरी चूक झाली होती ती रविवारीच. चर्चच्या पायऱ्यांवर युजेनीने चार बायकांना सांगितलं होतं, की गुरुवारी आमचे पोर सुदेस्तला जायचेत. बस्स, एवढंच. पण आमच्या बेटावर कुणी कुठे जाणार असेल तर तो एकटा जात नाही, त्याच्याबरोबर निम्म्या गावाच्या पिशव्या जातात. जाणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं, आणि म्हटलंच तर पुढल्या पिढीपर्यंत ते लक्षात ठेवलं जातं. बसवालेसुद्धा पिशव्या नेतात. पण बस थांब्यावर थांबते. पोस्टमास्तर थेट दारात पोचवणार. आणि एकतीस वर्षं ज्या माणसाने तीनच्या ठोक्याला तोंडावर खिडकी बंद केली, तो आता उघड्या रस्त्यावरून जाणार होता. सायकलला खिडकी नसते, हे गावाच्या आधी लक्षात आलं. पोस्टमास्तरांच्या नंतर.

पहिल्याच वळणावर मादाम आर्लेत उभी होती, हातात मिरचीच्या लोणच्याची बरणी घेऊन. पोस्टमास्तरांनी सायकल न थांबवता, हा पर्यटनाचा अधिकृत दौरा आहे, असं सांगायचा प्रयत्न केला. आर्लेत म्हणाली, करा ना दौरा, बहिणीचं घर दौऱ्यातच आहे. बरणी कॅरिअरवर चढली. दुसऱ्या वळणावर मक्याच्या पिठाची पिशवी, तिसऱ्यावर पपई भरलेले दोन टार्ट, एक शिवणयंत्राचं चाक आणि एका जावयासाठी तोंडी निरोप, जो मादमझेलसमोर घेणं अवघड होतं. प्रत्येक ठिकाणी आधी घरच्यांची खुशाली, मग समोरच्याच्या घरच्यांची, मग पिशवी, मग पाणी. मादमझेल घड्याळ बघायच्या आणि फाइलीत काहीतरी लिहायच्या. त्यांची पेन्सिल कागदावर चालायला लागली, की पोस्टमास्तर मान लांबवून फाइलीकडे बघायचे. परवाना गेला तर अंगणात चार सायकली, फडताळावर तराजू आणि मध्ये आपण, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

चौथ्या वळणावर इलेर भेटला, कोंबडा घेऊन. कोंबडा त्याच्या धर्मपुत्राला कबूल केलेला होता आणि कबूल केलेला कोंबडा द्यायलाच हवा, त्यात काही वाद नाही. पण पोस्टमास्तरांच्या कॅरिअरवर आता बोटभर जागा नव्हती. इलेरने शांतपणे दुसऱ्या सायकलकडे बघितलं.

“तू कोणाची गं पोरी?” त्याने विचारलं.

मादमझेल म्हणाल्या, मी कचेरीतून आले आहे.

“ते दिसतंय. पण कोणाची?”

आता सरकारी माणूस झाला तरी या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मादमझेल रावीना हळूच म्हणाल्या, की पोर सुदेस्तच्या फिलोमेनची. बस्स. फिलोमेन म्हणजे ओहोटीला खडकांवर सळई घेऊन आठपाय, म्हणजे ऑक्टोपस, पकडणारी, अख्ख्या किनाऱ्यावर तिच्याइतका नेम कुणाचा नाही. इलेरचा चेहरा उजळला. फिलोमेनची पोरगी म्हणजे घरचीच. पुढल्या मिनिटाला कोंबडा एका लाइफ जॅकेटमध्ये गुंडाळला जाऊन, पट्टे नीट आवळून, सरकारी कॅरिअरवर बसला होता. फक्त डोकं बाहेर. ते जॅकेट त्याच्या बेताचं निघालं, आणि अर्जातली निदान ती एक अट तरी पूर्ण झाली, असं पोस्टमास्तरांना वाटून गेलं.

शेवटच्या वळणावर, उतार सुरू होण्याआधी, तांतीन सिदोनी, अख्ख्या गावाची मावशी, दगडावर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. मांडीवर फडक्यात बांधलेला छोटासा टार्ट, नातीसाठी. पोस्टमास्तर तिला पाहून जरा चपापले. चौदा वर्षांपूर्वी नाताळच्या आधी ती असाच एक टार्ट मॉरिशसला मुलाकडे पाठवायला आली होती आणि खिडकी नुकतीच बंद झाली होती. बोट त्याच दिवशी गेली. ती टार्ट घेऊन चढ चढत घरी गेली होती, आणि तिची पाठ त्यांना काचेतून बराच वेळ दिसत राहिली होती.

“तेव्हा तुझ्या घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं,” सिदोनी म्हणाली. “आत्ता किती वाजलेत?”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पोस्टमास्तरांनी ते फडकं घेतलं आणि सदऱ्याची दोन बटणं उघडून आत ठेवलं. मादमझेलनी या वेळी काही लिहिलं नाही.

उतार सुखरूप पार पडला. ब्रेकवर विसंबू नये हा फुलबेरचा सल्ला खरा निघाला, याचंच पोस्टमास्तरांना वाईट वाटलं. पोर सुदेस्तला पोचेपर्यंत साडेदहा झाले होते. त्यांनी दारोदार पिशव्या पोचवल्या, एकदाही कुणाला घर न विचारता. टार्ट नातीच्या हातात गेला, तोही न मोडता. पण आमच्याकडे रिकामी पिशवी परत पाठवत नाहीत. लोणच्याच्या बरणीच्या बदल्यात लिंबं आली, पिठाच्या बदल्यात भोपळा आला, टार्टच्या बदल्यात वाळवलेला आठपाय आला, वास सगळ्यात आधी आणि आठपाय मागून. इलेरचा धर्मपुत्र तर घरीच नव्हता. कोंबड्याला उशीर होतोय म्हणून तो सकाळच्या बसने वर निघून गेला होता, स्वतःच आणायला. म्हणजे कोंबडा परत वर.

तेवढ्यात फिलोमेन गुडघाभर पाण्यातून बाहेर आली आणि तिने आपल्या मुलीला पाहिलं. कामाच्या दिवशी, उन्हात, सायकलवर, मागे नारिंगी जॅकेटातला कोंबडा.

“यासाठी तुला शिकवली काय गं?” ती म्हणाली.

मग जेवल्याशिवाय जायचं नाही हे ओघानेच आलं. मका, लाल घेवडा, आठपायाची कोशिंबीर. पोस्टमास्तर घास घेता घेता घड्याळाकडे बघत होते. निघताना फिलोमेनने वर राहणाऱ्या जावेसाठी आणखी एक भोपळा दिला. आईला नाही म्हणायची छाती मादमझेलपाशी नव्हती आणि परीक्षकाला नाही म्हणायची पोस्टमास्तरांपाशी.

सातव्या चढाला मादमझेलच्या सायकलची बॅटरी संपली. विजेच्या सायकलची वीज गेली, की ती साध्या सायकलपेक्षा दुप्पट जड होते, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेलं असतं. पोस्टमास्तरांनी आपली सायकल त्यांना दिली आणि त्यांची स्वतः ढकलायला घेतली. वजन पाठीमागेच होतं. वय एकसष्ट, ऊन डोक्यावर, समोर चढ, आणि कॅरिअरवरून कोंबडा अधूनमधून मत देत होता.

वरून एक बस येऊन थांबली. चालकाने खिडकीतून विचारलं, वळवून घेतो, चढवू का सगळं? सगळ्या खिडक्यांमधून माणसं बघत होती आणि प्रत्येकाला सायकल कशी ढकलावी याची माहिती होती. पोस्टमास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, की या पिशव्या माझ्या हातात दिल्या आहेत, थांब्यावर टाकायला दिलेल्या नाहीत. बस गेली. ते वाक्य त्यांना चार-पाच वळणं पुरलं.

सें गाब्रियेलच्या चर्चसमोर ते पोचले तेव्हा फुलबेर भिंतीवर होता, युजेनी पाणी घेऊन दारात होती, इलेरचा धर्मपुत्रही येऊन बसला होता. पोस्टमास्तरांनी सायकल स्टँडवर लावली, घड्याळ पाहिलं आणि मादमझेलना म्हणाले, “एक वाजून चाळीस. लिहा.”

त्या क्षणी त्यांना आतून रडू येत होतं, पण खोटी वेळ त्यांनी जन्मात कधी लिहू दिली नव्हती. मादमझेलनी लिहिलं. भोपळा जावेला पोचवायचा आहे एवढी आठवण करून दिली आणि त्या गेल्या.

निकाल नोंदणीकृत टपालाने येणार होता. पुढल्या बुधवारी चिठ्ठी आली, की पत्र पोस्टात येऊन पडलं आहे, घेऊन जा. पोस्टमास्तर लगेच निघाले. पण वाटेत तीन ठिकाणी त्यांना थांबवलं गेलं, पुढच्या वेळी कधी जाणार आहात विचारायला. ते पोस्टात शिरले आणि खिडकी खाली आली. आत जेर्वे होता, त्यांच्या जागी आलेला, त्यांनी स्वतः तयार केलेला.

“जेर्वे, मी आहे,” पोस्टमास्तर काचेवर वाकून म्हणाले.

जेर्वेने फार आदराने घड्याळाकडे बोट दाखवलं. तीन वाजून एक मिनिट. “तुम्हीच शिकवलंत, मस्यू काझीमीर,” तो म्हणाला आणि दिवा मालवला.

पोस्टमास्तर तसेच चालत घरी आले. चढ तोच होता, सिदोनीचा. निम्म्यावर ते थांबले आणि मागे वळून पोस्टाच्या काचेकडे बघत उभे राहिले. इथून खिडकी कशी दिसते हे त्यांनी एकतीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर युजेनीने निकाल विचारला, तेव्हा ते उद्या म्हणाले आणि जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी पत्र हातात आलं. परवाना मंजूर होता. फेरीची वेळ चार तासांऐवजी पावणेसहा तास धरावी, असं लिहिलं होतं. वल्ही शून्य असल्याची नोंद घेतली होती. शेवटी एक अट होती: सायकलवरची कोणतीही पिशवी दोन किलोपेक्षा जड नसावी. खाली सही, ल. रावीना. ओझंच नसावं असं त्यांनी लिहिलं नव्हतं, कारण रविवारी त्यांनाही आईला तोंड दाखवायचं होतं. पोस्टमास्तरांनी ती अट पुन्हा पुन्हा वाचली. मग ते उठले आणि फडताळावरचा तराजू खाली काढला.

शनिवारी सकाळी रेयुनियों बेटावरून आलेलं एक जोडपं अंगणात हेल्मेट घालून उभं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अकरा माणसांची रांग होती. खिडकीवर पुठ्ठा लावला होता: सात ते साडेसात, दोन किलोपर्यंत, कोंबडे नाहीत. आत तराजू, तराजूमागे इस्त्रीच्या सदऱ्यात पोस्टमास्तर. युजेनी त्यांच्या पाठीमागे चुलीपाशी होती आणि काही बोलत नव्हती, कारण चारातली एक खिडकी गेली होती आणि नवरा परत आला होता.

रांगेत सहावी होती मादमझेल रावीना. फाइल नाही, पायात चपला, हातात पिशवी. ती पुढे आली तेव्हा फुलबेर भिंतीवर सरसावून बसला. आज मी कचेरीतून आलेली नाही, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. आईसाठी चहा, साखर आणि गुडघ्याचं मलम आहे. पोस्टमास्तरांनी पिशवी पारड्यात ठेवली, वजनं टाकली, काटा स्थिर होईपर्यंत थांबले.

“दोनशे ग्रॅम जास्त आहे.”

“मस्यू काझीमीर, दोनशेच.”

“नियम तुमच्या सहीचा आहे, मादमझेल.”

रांगेत कुणी हसलं नाही, ही रांगेची कमाल म्हणायची. मादमझेलने पिशवी उघडली, बिस्किटांचा पुडा बाहेर काढला आणि काय करावं न कळून रेयुनियोंच्या बाईंच्या हातात दिला. पारडं बरोबर आलं. पोस्टमास्तरांनी पिशवी घेतली आणि पुढचा, असं म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले आणि त्यांनी खिडकी लावली. पाहुण्यांनी सायकली हातात घेतल्या. तेवढ्यात काचेतून त्यांना चढावरून कुणीतरी येताना दिसलं. फार सावकाश, दोन पावलांमागे एकदा थांबत. तांतीन सिदोनी, तसंच एक बांधलेलं फडकं छातीशी धरून. फुलबेरने मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सात एकतीस.”

पोस्टमास्तरांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले, घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि मिनिटकाटा बोटाने दहा मिनिटं मागे नेला. घड्याळ परत खिळ्यावर लावून सरळ केलं. मग खिडकी उघडली.

“सावकाश ये, तांतीन,” ते म्हणाले. “अजून वेळ आहे.”